पहिली मूठ सशाची

सुमन, आज सकाळी पुन्हा मेथी लावलेल्या टोपल्यापाशी बसलो अन् हात पुढे जाईना. समोर मेथी होती, बोटभर उंच झालेली, कोणीही ओळखेल अशी. तरी एक पान खुडलं, चुरगळलं, नाकाले लावलं. मग दुसरं. मग तिसरं. कुंपणापलीकडून शेजारची कुसुमबाई पाहत होती. मग ती आत निघून गेली. मले भेव वाटते वो. मेथीचं भेव. दुसऱ्या कोणाले सांगितलं तर लोक हसतीन, अन् तू राह्यली असती तर सगळ्यात आधी तूच हसली असती.

मी भेणारा माणूस नव्हतो, हे तुले माहीत आहे. एकतीस वर्षं एसटी चालवली. सिरोंच्याच्या रस्त्यावर वाघ आडवा बसला तेव्हा इंजिन बंद केलं अन् पाशिंजरले सांगितलं, त्याचं झालं की आपलं. नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी मागं घेतली, तेव्हाही हात कापला नाई. घरी येऊन या गोष्टी मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो अन् तू पोळी लाटता लाटता म्हणायची, "तुमाले काई माहीतच नाई, म्हणून भेव वाटत नाई." मी ते कौतुक समजत होतो.

आलापल्लीत आपलं घर शेवटच्या ओळीत. मागं नाला, नाल्यापलीकडे सागवान. बाजार आठवड्यातून एकदा, अन् त्या बाजारातली पालक घरी येईपर्यंत मान टाकते म्हणून तू घरामागच्या सांदवाडीत हाताले लागंल त्यात माती भरली. तेलाच्या पिपात पानओवा, फुटक्या बादलीत कांद्याची पात, नळाखाली भांड्याचं पाणी सांडते तिथी पुदिना. मी डेपोतून एक फाटका टायर आणला तर तू तो अर्धा कापून त्यात पालक लावली. गव्हाचं घमेलं तेवढं मनीचं. मांजराले गवत लागते हे मले तोवर माहीत नव्हतं. मनी त्या घमेल्यात तोंड घालून कोवळे गव्हांकुर खायची अन् मग बरोबर माह्या खाटेवर येऊन ओकायची. तू म्हणायची, पोट साफ करून राह्यली बिचारी. मी म्हणायचो, तिले माहीच खाट दिसते का. तू इतकी हसायची की पदर तोंडात घालायची.

अन् मधोमध तो मोठा मिसळ वाफा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, चवळाई, पालक, मुळा, सगळं बी एका टोपल्यात कालवून तू फेकून द्यायची. जे आधी निघंल ते आधी खाऊ, असा तुहा हिशोब. मले त्या वाफ्यात नुसतं हिरवं दिसायचं. तुले त्यात कोण कोण बसलं आहे हे सगळं दिसायचं.

आता सशांवर येतो. यायलेच पाह्यजे.

लाली अन् भुऱ्या. बाजारातून टोपलीत आणलेले, बोटाएवढ्या कानाचे, आपली वर्षा लग्न होऊन वरोऱ्याले गेली त्या साली. घर रिकामं झालं म्हणून आणले, असं तू कधी म्हणाली नाई, पण मले समजलं होतं. त्या दिवसापासून तुहा एक नेम. सकाळी वाफ्यातून पहिली मूठ खुडायची अन् ती सशांच्या पिंजऱ्यापाशी घेऊन जायची. जाळीतून एकेक पान आत सरकवायची. ते खात असेपर्यंत तिथीच उभी राह्यची, कमरेवर हात ठेवून. त्याईचं खाऊन झालं की मग स्वयंपाकाचं खुडायले पुन्हा वाफ्यात.

सुट्टीच्या दिवशी मी खाटेवर चहा घेत हे पाहत होतो. किती वर्षं पाह्यलं असंल. अन् मी माह्या मनानं त्याचा अर्थ लावला. मले वाटलं, ही सशाले आधी खाऊ घालून पाहते. सशानं खाल्लं म्हणजे पाला चांगला, मग आपण खायचा. मले ही गोष्ट फार हुशारीची वाटली. डेपोत मी कितीकदा सांगितली. आमच्या घरी ससा पास करते, मग भाजी शिजते. पाहुणे आले की त्याईच्याही समोर सांगायचो. तू आतून पाणी आणता आणता ऐकायची अन् गालातल्या गालात हसायची. तू नाई म्हणाली नाई, हो म्हणाली नाई.

आपली दोन भांडणं अर्धीच राह्यली. पहिलं घोळाण्याचं. तू कच्ची मेथी, कांद्याची पात, सांबार, सगळं बारीक चिरून त्यात शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ अन् वरून कच्चं तेल घालायची, अन् ज्वारीच्या भाकरीसंगं ते माह्या ताटात वाढायची. मी ते ताटाच्या काठाले सारून ठेवायचो. मी काय ससा आहे का, म्हणायचो. चौतीस वर्षांत तुह्या हातचा घोळाणा मी एकदाही खाल्ला नाई. तू दर वेळी वाढला. मी दर वेळी सारला. तुले त्याचं वाईट वाटत होतं का, हे मी विचारलं नाई.

दुसरं भांडण धोतऱ्याचं. कुंपणाच्या कोपऱ्यात ते झाड होतं, पांढऱ्या लांब फुलांचं, काटेरी बोंडांचं. मी म्हणत होतो उपटून टाक, विषारी आहे, घरात नात येते. तू म्हणायची, शिवरात्रीले अर्ध्या गल्लीले बोंडं लागतात. मग एकदा मी हट्टालेच पेटलो, कुदळ घेतली. तेव्हा तू कुदळीचा दांडा धरला अन् म्हणाली, तुमच्या गुडघ्यासाठीच ठेवलं आहे. माहा डावा गुडघा, क्लच दाबून दाबून गेलेला. थंडीत सुजला की तू धोतऱ्याचं पान तव्यावर गरम करून, तेल लावून बांधायची. मग साबणानं दोनदा हात धुवायची. मी कुदळ ठेवून दिली. झाड राह्यलं.

तुहं जाणं चार दिवसांच्या तापात झालं. त्याबद्दल मी अजून बोलू शकत नाई, तर नाई बोलत. तेरवी झाली, पाहुणे गेले, घरात मी, दोन ससे अन् एक मांजर. मी सांदवाडीत पाण्याचा पाइप सोडून द्यायचो अन् खाटेवर येऊन पडायचो. निंदण कोण करंल. वाफा माजला. कोपऱ्यातली बोंडं तडकली, बी उडालं, पाण्यासंगं वाफ्यात आलं असंल. मले त्यात नुसतं हिरवं दिसत होतं. सशाले मात्र रोज पहिली मूठ देत होतो. तुहा नेम मोडू नये एवढंच डोक्यात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत वर्षानं चिमीले माह्यापाशी ठेवलं. तिले वाटलं, सहा वर्षांची पोरगी घरात राह्यली तर बाप जरा बोलता होईल. झालोही. चिमी दिवसभर सशांपाशी. आबाजी, लाली नाक काऊन हालवते. आबाजी, भुऱ्याले दात घासायले लागत नाई का. चौथ्या दिवशी ती म्हणाली, आजी करायची तो घोळाणा कर.

मले किती बरं वाटलं सांगू. तुहं काहीतरी कोणाले तरी पाह्यजे होतं. मी वाफ्यात उतरलो. कोवळं कोवळं पाहून खुडलं, दोन्ही हातांनी. मेथी होती, सांबार होता, बाकी जे होतं ते होतं. पहिली मूठ सशांना दिली अन् तुह्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राह्यलो. दोघांनी सगळं खाल्लं. मी थोडा वेळ थांबलो, चांगले टुणटुण उड्या मारून राह्यले होते. मग आत जाऊन उरलेला पाला धुतला, चिरला, कूट घातला, तेल घातलं. चिमीनं अर्धी भाकर अन् ताटलीभर घोळाणा खाल्ला. कडू लागते म्हणाली. मी म्हटलं, मेथी कडूच राह्यते बेटा. मी स्वतः वरण-भात खाल्ला.

तासाभरात ती पाणी मागायले लागली. एक गिलास, दोन गिलास, तरी तोंड कोरडंच. तोंड लालबुंद झालेलं, अंग तव्यावाणी तापलेलं, पण घामाचा थेंब नाई. ऊन डोळ्यात जाते म्हणून तिनं हातांनी डोळे झाकले. मले वाटलं ताप आला. अन् ताप म्हटल्यावर मले तूच आठवली, कारण तुहंही असंच सुरू झालं होतं. मग ती उठून चालायले गेली अन् भिंतीवर आदळली. पुन्हा उठली. मले ओळखंना.

मी तिले उचलून दवाखान्यापर्यंत पळालो, त्या गुडघ्यानं. पायात चप्पल नव्हती हे नंतर दिसलं. तिथल्या डॉक्टरीण बाईनं तिच्या डोळ्यात बॅटरी मारली. मीही वाकून पाह्यलं. डोळ्याचा काळा भाग इतका मोठा झाला होता की भोवतीचा तपकिरी रंग उरलाच नव्हता. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. घरचा पाला, मी म्हटलं. कशाचा? मले नावं सांगता येईनात. मेथी म्हटलं, सांबार म्हटलं अन् थांबलो. मग म्हटलं, मॅडम, पाल्याचं काई नाई, सशानं खाल्ला आहे तो, ससा चांगला आहे. मी हे तीनदा सांगितलं. त्या बाईनं माह्याकडे अशी नजर टाकली की मी बाजूले सरलो. तिनं नळी टाकून पोट धुतलं अन् लगेच गाडी बोलावली, गडचिरोलीले घेऊन जा म्हणाली.

तो रस्ता माहा. आष्टी, चामोर्शी, कुठी खड्डा आहे, कुठी वळण आहे, मी डोळे मिटून सांगू शकतो. त्या दिवशी गाडी दुसरा चालवत होता अन् मी मागं, चिमीचे हात धरून. नर्सबाई सलाइन सांभाळत होती. चिमीचे हात माह्या हातातून सुटून सुटून जात होते. ती हवेतून काहीतरी खुडत होती. दोन बोटांनी, नखानं देठ तोडून, बरोबर तू खुडायची तशी. मग कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, हे घेऊ का? हे कोवळं आहे."

सुमन, मी तिचे हात घट्ट धरले. नर्सबाई म्हणाली, भ्रम होते असा, घाबरू नका. पण मी घाबरलो. मले वाटलं तू आली. मले वाटलं तुले तिथी करमत नाई अन् तू हिले न्यायले आली, कारण घरात तुहं खरं कोणी होतं तर हीच होती. मी त्या गाडीत तुह्यासमोर हात जोडले. जित्यापणी कधी जोडले नाई. मनात म्हटलं, सुमन, मले ने, आत्ता ने, हिले सोड. चुकी माही आहे. पोरीच्या अंगाले हात लावू नको.

अन् अखीन एक सांगतो, जे वर्षाले सांगितलं नाई, कोणालेच नाई. चिमी ज्या कोपऱ्यात पाहून बोलत होती, तिकडे मीही पाह्यलं. नातीचा जीव जाऊन राह्यला अन् मी, भैताड, तू दिसते का पाहत होतो. तू दिसली असती तर मले आनंद झाला असता. ते आठवलं की आजही माहं मले भेव वाटते.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, काय खाल्लं. मी पुन्हा ससा सांगितला. ते माह्यावर चिडले नाई. ते म्हणाले, वाफ्याचा फोटो मागवा. मी कुसुमबाईले फोन लावला. तिनं वाफ्यात जाऊन फोटो काढून पाठवले. डॉक्टरांनी फोन डोळ्याजवळ धरला, बोटांनी फोटो मोठा केला अन् मले दाखवला. चवळाईच्या रोपांमधी धोतऱ्याची रोपं, वीतभराची, एकाले एक लागून, जागोजागी अर्धी खुडलेली.

मी म्हटलं, "पण सशानं खाल्लं होतं, साहेब."

ते म्हणाले, "बऱ्याच सशांना धोतरा पचतो, काका. त्यांच्या रक्तातच तशी सोय असते. माणसाला नसते."

मी बाकड्यावर बसलो. इतकी वर्षं मी ज्याच्या भरवशावर बोललो, त्याचा काईच अर्थ नव्हता. कोणी मले डेपोत सांगितलं असतं की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते असं काई नसते, तर मले जसं वाटलं असतं, तसं वाटलं.

वर्षा अन् जावई वरोऱ्याहून मोटरसायकलवर आले. वर्षा सरळ आत गेली. ती पोरीच्या उशापाशी बसली अन् तिचे हात खाली दाबून धरत राह्यली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमीनं डोळे उघडले, आईले ओळखलं, भात मागितला. काळा भाग अजून मोठाच होता, पण कडेनं तपकिरी रंग दिसायले लागला होता. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. तिथी जे रडलो ते तुह्यासाठी का पोरीसाठी, मले सांगता येणार नाई.

मग वर्षा बाहेर आली. माह्याजवळ उभी राह्यली अन् हळूच म्हणाली, "बाबा, आई सशाले तपासायले द्यायची, हे तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणीच नाई. मी पाहत होतो ना, इतकी वर्षं."

"आई म्हणायची, त्याईले मागता येत नाई, म्हणून त्याईले पहिले द्यायचं. अन् पान तर ती खुडल्याबरोबर चुरगळून हुंगायची. तुमाले दिसलं नाई?"

दिसलं होतं वो. तुहा हात दर थोड्या वेळानं नाकापाशी जायचा, हे मी खाटेवरून हजारदा पाह्यलं. मले वाटे, घाम पुसते.

इथून पुढचं भांडण माहं एकट्याचं आहे, कारण तू उत्तर द्यायले नाई. मी चारचौघात ससा पास करते म्हणायचो, तेव्हा तू एकदा तरी काऊन नाई म्हटलं, अवो तसं नाई ते? हसत काऊन राह्यली? तुले वाटलं असंल हा मजाक करून राह्यला. नाईतर तुले वाटलं असंल, ह्याले काय करायचं आहे, हा थोडाच कधी वाफ्यात उतरणार आहे. मी तुह्यावर खूप चिडलो, सुमन. दवाखान्याच्या पायरीवर बसून मेलेल्या बायकोवर चिडलो. अन् चिडता चिडता मले समजलं की मी तुले साधं एवढंही विचारलं नव्हतं, सशाले पहिले काऊन देते. विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतं. चहाचा कप हातात असताना विचारता आलं असतं.

घरी आलो तेव्हा ससे जाळीला नाक लावून उभे होते. त्याईचा काय दोष, पण मले त्याईचं तोंड पाहावंना. पहिले कोपऱ्यातलं झाड मुळासकट काढलं, हाताले फडकी बांधून, अन् नाल्याच्या काठी खोल पुरलं. मग वाफ्याकडे वळलो. ठरवलं होतं, सगळंच उलटवून टाकायचं. मेथी नको, सांबार नको, ह्या घरात हिरवं पानच नको. दोन कुदळी मारल्या तर कुसुमबाई कुंपणातून आत आली.

ती म्हणाली, "भाऊ, मग ह्या मुक्या जीवाईनं काय खायचं?"

ती खाली बसली. एकेक रोप उपटून माह्या हातात दिलं. हे चुरगळा. हुंगा. हा मुळा. हे चुरगळा, ही चवळाई, खालून देठ लाल पाहा. हा धोतरा. तो वास माह्या बोटांना तिसऱ्या दिवशीपर्यंत होता, कितीही साबण लावला तरी. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळा वाफा निवडला. मी पुन्हा एकट्यानं निवडला. दुसऱ्या दिवशी सकाळी अखीन एकदा.

मिसळ वाफा आता बंद. माफ कर, तुहा हिशोब मले झेपत नाई. मेथी एका टोपल्यात, सांबार दुसऱ्यात, पालक त्या टायरमधी, प्रत्येकाले पाटी लावली आहे खडूनं, शाळेच्या पोट्ट्यांसारखी. मनीच्या घमेल्यात गहू पुन्हा पेरला. सशांना रोज पहिली मूठ देतो, पण आता आधी मी हुंगतो अन् मग देतो. गुडघा सुजते. दुखू देतो. त्या पानाशिवाय दुसरा काई उपाय तू सांगून गेली नाई, अन् ते पान मले आता घरात नको. तू माह्या एका गुडघ्यासाठी इतकी वर्षं ते झाड सांभाळलं, दर वेळी दोनदा हात धुतले, वर्षाले त्याच्यापाशी फिरकू दिलं नाई, अन् एकदाही कोणाले काई झालं नाई. किती लक्ष ठेवत असशील तू. मले वाटायचं तू नुसती सांदवाडीत फिरते.

वर्षा सुट्टी वाढवून आठ दिवस राह्यली, पोरगी चालतीफिरती होईपर्यंत. चिमीले त्या दिवसातलं काईच आठवत नाई, गाडीतलं तर अजिबात नाई. पण दवाखान्यात मोठी माणसं तिच्या उशाशी जे बोलत होती ते तिनं ऐकलं आहे. ती आता सशांपाशी जाते, पण हात जाळीपासून दूर ठेवते. ताटात काई हिरवं आलं, अगदी वरणावरचा सांबार, तरी बोटानं बाजूले काढते. तिले कोणी ओरडत नाई. मी तर नाईच.

काल त्या दोघींचा शेवटचा दिवस. जावई दुपारी घ्यायले येणार होता. वर्षानं मले न विचारता टोपल्यातली मेथी खुडली. मी दारातून पाहत होतो. तिचा हात नाकापाशी गेला, प्रत्येक पानाले गेला. मग तिनं खलबत्ता घेऊन दाणे कुटले अन् घोळाणा केला, अन् तिघांच्या ताटात वाढला. मले कळत होतं ती काय करून राह्यली. आज ह्या घरात पोरीनं हे खाल्लं नाई तर ती पुन्हा कधी माह्या हातचं खाणार नाई, अन् वर्षा पुन्हा कधी तिले माह्यापाशी ठेवू शकणार नाई.

चिमी ताटाकडे पाहत बसली. मग माह्याकडे पाह्यलं.

"आबाजी, पहिले तू खा."

वर्षा एकदम म्हणाली, चिमे. मी तिले हातानं थांबवलं. पोरगी बरोबर बोलली होती. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर घोळाणा घेतला, चांगला मोठा घास, अन् तोंडात घातला. कडू, तिखट, खारट, कच्च्या तेलाचा वास. चावताना दाढेत करकर वाजत होतं. चांगला होता वो. खरंच चांगला होता.

मी गिळला. चिमी उठून माह्या पुढ्यात आली. दोन्ही हातांनी माहं तोंड धरलं, उजेडाकडे वळवलं अन् म्हणाली, डोळे मोठे कर. मी केले. ती अगदी नाकाले नाक लावून पाहत राह्यली, आधी एक डोळा, मग दुसरा. तिचा श्वास माह्या गालावर येत होता. किती वेळ पाह्यलं कोणास ठाऊक. माह्या पापण्या जड झाल्या, पाणी आलं, तरी मी डोळा मिटला नाई.

"काळं बारीक आहे," ती तिच्या आईले म्हणाली.

मग ती जागेवर जाऊन बसली अन् तिनं घास घेतला. मी तिच्याकडे पाहत राह्यलो. तिनं दुसरा घेतला. मी उठून पाण्याचा गिलास भरून तिच्यापाशी ठेवला अन् ती किती पिते ते मोजत बसलो.